आमच्या घरातील मोबाईलचा कायदा

गेल्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेस, पितरांच्या नावे घागर देऊन झाल्यावर, आम्ही आमच्या घरात एक कायदा केला. शाळेत सूचनाफलक लिहिण्याची जुनी सवय. तेव्हा एका पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात त्याची पाच कलमे लिहिली आणि देवघराशेजारच्या खिळ्याला तो पुठ्ठा अडकविला. कलम पहिले, मोबाईल अभ्यासापुरताच वापरावा. कलम दुसरे, सायंकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत मोबाईल कपाटात राहील. कलम तिसरे, अनोळखी माणसाशी बोलू नये. कलम चौथे, मोबाईलवर खेळ खेळताना सापडल्यास फोन सहा महिने बंद. पाचवे कलम अंमलबजावणीविषयीचे होते व त्यात अपिलास जागा ठेविलेली नव्हती. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो आमचा नातू तेव्हा तेरावे सरून आठवीत जावयाचा होता. त्याने पुठ्ठा मुकाट्याने वाचला आणि एवढेच विचारले की, हा कायदा आजोबांनाही लागू आहे काय? आम्ही हसून नाही म्हटले. त्या हसण्याचे आज आम्हाला वैषम्य वाटते.

शहागड हे आमचे गाव जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, गोदावरीच्या उत्तर तीरावर आहे. सोलापूर-धुळे महामार्ग येथेच नदी ओलांडतो. पूल संपला की बीड जिल्हा लागतो. आमच्या लहानपणी बाहेरच्या जगाची बातमी याच रस्त्याने, एस. टी.तून येणाऱ्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर येत असे, आणि घरात शिरण्यापूर्वी ती वडीलधाऱ्यांच्या चष्म्याखालून जात असे. आता ती थेट मुलाच्या उशाखाली उतरते. परंतु यात मुलांना दोष देण्यापूर्वी वाचकांनी मार्च २०२० आठवावा. करोनाच्या साथीने शाळांना कुलपे लागली, सरकारने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असा उपक्रम काढला, दीक्षा नावाचे अ‍ॅप घराघरांत पोहोचविले, आणि धडे व्हॉट्सअ‍ॅपवरून येऊ लागले. ज्या घरात एकच फोन होता त्या घरातला तो फोन सर्वांत धाकट्याच्या हाती गेला. तो आम्हीच दिला. नवे पाठ्यपुस्तक हाती देताना त्याला वेष्टन कसे घालावे, पान कसे उलटावे, हेसुद्धा शिकविणारे आम्ही मास्तर लोक. पण हे यंत्र देताना ते कसे धरावे याविषयी एक अक्षरही कोणी सांगितले नाही. पुढे शाळा उघडल्या, आणि मग दिलेली वस्तू परत कशी घ्यावी याची चिंता सुरू झाली.

कायद्याचे पुढे काय झाले ते आता सांगतो. वैशाख गेला, ज्येष्ठ-आषाढ गेले. गुन्हा एकही नोंदला गेला नाही. आम्ही पारावरच्या मंडळींत या यशाची वाच्यता केली आणि दोघा-तिघांनी आमच्या कलमांची नक्कलही उतरून नेली. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. त्या दिवशी पंगतीत आमचा नातू पुरणपोळी अर्धी टाकून उठला. ज्याने कधी तीन पोळ्यांखाली हात धुतला नाही, तो! आम्हाला वाटले, पोट बिघडले असेल. आमच्या सौभाग्यवतींना तसे वाटले नाही. त्यांनी त्याला काही विचारलेही नाही. दुपारी माजघरात पानांचा पसारा आवरताना त्याला शेजारी बसवून घेतले, आणि पाऊण तासाने सर्व हकीकत बाहेर आली.

खेळ तो खेळतच होता. दुसऱ्या कलमाने त्याचा फोन कपाटात गेला, म्हणून पूर्वी ओसरीवर सर्वांदेखत खेळणारा मुलगा रात्री गच्चीवर, आमच्या फोनवर खेळू लागला. आणि आमच्या फोनला आमच्या निवृत्तिवेतनाचे खाते जोडलेले. आम्हाला बारीक अक्षर दिसत नाही, यास्तव विजेचे बिल भरताना पिनचे आकडे आम्ही त्याच्याकडूनच टिपून घेत असू. म्हणजे किल्लीही आम्हीच दिलेली. खेळात त्याला एक सोबती भेटला. तो स्वतःला पुण्याचा, नववीत शिकणारा मुलगा म्हणवीत असे. त्या खेळात लागणारे हिरे स्वस्तात मिळवून देतो म्हणून त्याने चारशे रुपये मागितले, आणि खरोखरच दिलेही. पुढच्या वेळी दिले नाहीत. तिसऱ्या वेळी भाषा बदलली. तू आजोबांच्या खात्यातून चोरी केली आहेस, माझ्याजवळ पुरावा आहे, पैसे न पाठविल्यास तुझ्या वडिलांना आणि पोलिसांना कळवितो, असे निरोप येऊ लागले. अशा रीतीने तीन हजार सातशे रुपये गेले. त्याहून अधिक गेले ते एकोणीस दिवस. तितके दिवस आमच्याच घरात, आमच्याच पंगतीला बसून, तेरा वर्षांचे मूल एकटे भीत होते.

"मग मला का नाही सांगितलेस?" असे आम्ही विचारले तेव्हा त्याने पुठ्ठ्याकडे बोट केले. "आजोबा, तुम्हाला सांगितलं असतं तर कलम चार लागलं असतं."

आम्ही स्वभावाने रागीट आहोत हे आमचे जुने विद्यार्थी सांगतील. कलम चार लावण्यासाठी आम्ही उठलोही होतो. तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आज त्याला शिक्षा केलीत तर पुढच्या वेळी तो मलाही सांगायचा नाही." चाळीस वर्षांच्या संसारात आमचे तोंड त्यांनी अनेकदा बंद केले आहे, परंतु इतक्या थोड्या शब्दांत कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या चिरंजीवांनी १९३० या क्रमांकावर फोन केला. हा क्रमांक सर्व वाचकांनी भिंतीवर लिहून ठेवावा. सायबर फसवणुकीत पैसे गेल्यास येथे तक्रार नोंदविता येते. ती नोंदताच संबंधित बँकांकडे तिची सूचना जाते आणि रक्कम ज्या ज्या खात्यांतून पुढे सरकत असेल तेथे ती अडविण्याचा प्रयत्न होतो. ही व्यवस्था २०२१ पासून चालू आहे. तिचे सारे बळ वेगात आहे. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि अखेर रोकडीत नेतो. पहिल्या काही तासांत खबर मिळाली तर मधेच कोठे तरी ते सापडतात. पलीकडच्या गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने पहिला प्रश्न केला, "पैसे केव्हा गेले?" आम्ही एकोणीस दिवस म्हणालो. ते क्षणभर थांबले. त्या थांबण्यात आमच्या कायद्याची परीक्षा झाली आणि निकालही लागला.

या प्रसंगावर आम्ही पुष्कळ विचार केला. कायदे देशात नाहीत असे नव्हे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने घातलेले कलम ६७ ब मुलांची अश्लील चित्रे तयार करणाऱ्यास, पसरविणाऱ्यास, आणि मुलांना संगणकामार्फत अशा मार्गाला फूस लावणाऱ्यास शिक्षा सांगते. ही कलमे कडक आहेत, आणि आमच्या मते ती तशीच असावीत; भक्षकाला दया दाखविण्याचे कारण नाही. परंतु या प्रत्येक कायद्याचे चाक फिरावयास प्रथम कोणी तरी बोलावे लागते, आणि पुष्कळदा त्या 'कोणी तरी'चे वय दहा, बारा किंवा चौदा असते. मूल बोलले नाही तर पोलीस, न्यायाधीश, बँक, सारे हात जोडून बसून राहतात. मुलाचे तोंड बंद करणारा कोणताही नियम, मग तो संसदेचा असो की आमच्या पुठ्ठ्यावरचा, भक्षकाच्याच सोयीचा असतो. आमच्या नातवाला धमकावणाऱ्या त्या इसमाने आमचा पुठ्ठा पाहिलेला नव्हता, तरी त्याचा सारा धंदा तसले पुठ्ठे घराघरांत असतात या भरवशावर चाललेला होता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या बान्सी गावच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी केल्याची आणि बंदी मोडल्यास दोनशे रुपये दंड ठरविल्याची बातमी वर्तमानपत्रांत झळकली होती. त्या वेळी आम्ही ती मोठ्या समाधानाने वाचली होती. खरे सांगावयाचे तर आमच्या पाच कलमांचे बीज तेथलेच. गावकऱ्यांच्या कळकळीविषयी आम्हाला आजही शंका नाही. पोरे रात्रंदिवस फोनला चिकटून बसलेली पाहून कोणत्या आईबापाचा जीव तुटत नाही? पण आता मनात असा प्रश्न येतो की, त्या गावातील एखाद्या मुलीला कोणी फोनवरून धमकावू लागला, तर ती बापाला सांगताना आधी दोनशे रुपयांचा हिशेब करील की नाही?

त्याच वर्षी, त्याआधी तीन महिने, सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्याच्या मोहित्यांचे वडगाव येथे निराळाच प्रयोग सुरू झाला होता. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास सरपंच विजय मोहिते यांच्या ग्रामपंचायतीने ठरविले की, सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत गावातले दूरदर्शन संच व मोबाईल बंद राहतील. पुन्हा भोंगा वाजला की मोकळीक. या प्रयोगात आम्हाला तीन गोष्टी लक्षणीय वाटतात. प्रथम गावातील स्त्रियांची सभा घेण्यात आली, आणि त्यांनी आपल्या मालिका बंद ठेवण्याचे आधी मान्य केले. दुसरे असे की, आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि (हे वाचून आमची मान ताठ झाली) निवृत्त शिक्षक घरोघर समजावीत फिरले. आणि तिसरे, भोंगा वाजला म्हणजे तो आजोबांसाठीही वाजतो. आमच्या नातवाने अक्षय्य तृतीयेस जो प्रश्न विचारला होता त्याचे उत्तर सांगलीकडच्या एका खेड्याने आधीच देऊन ठेविले होते. आमच्या वाचनात ते आले होते, पण ध्यानात आले नव्हते.

तरीही भोंगा म्हणजे शिक्षण नव्हे, हे म्हणणे भाग आहे. भोंग्याने दीड तास रिकामा होतो; तो कशाने भरावयाचा हे भोंगा सांगत नाही. आम्हीही एक दिवस संपूर्ण बंदीचा पाहिला आहे. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी आंदोलनाच्या काळात जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत इंटरनेट बंद ठेवण्यात आले होते. त्या राजकारणात आम्ही येथे शिरत नाही. आमच्या गल्लीत मात्र त्या दिवशी कित्येक वर्षांनी विटी-दांडू निघाला, आणि आम्हाला वाटले, हे नेट असेच बंद राहील तर काय बहार होईल! परंतु सेवा पुन्हा सुरू होताच पंधरा मिनिटांत गल्ली ओस पडली. त्या दिवशी मुले काही वाईट शिकली नाहीत, आणि बरेही काही शिकली नाहीत.

कायद्याच्या शब्दांविषयी येथे थोडे विषयांतर करू द्यावे. आमचा जन्म शब्दांच्या व्युत्पत्तीत गेलेला आहे. याच माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ अ नावाचे एक कलम होते. लोकांना इंटरनेटवरील त्रासापासून वाचविण्याचा त्याचा उद्देश सांगितला जाई, पण त्याची भाषा इतकी मोघम होती की 'त्रासदायक' या एका शब्दात काय बसणार नाही ते सांगणे कठीण. नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्या पालघर गावी बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिणारी एक तरुणी आणि त्या ओळी पसंत करणारी तिची मैत्रीण अशा दोघींना पोलिसांनी पकडले, ते याच कलमाच्या आधारे. अखेर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. रक्षणासाठी म्हणून दिलेली मोघम काठी प्रथम कोणाच्या पाठीत बसते, याचे हे उदाहरण दूरच्या देशातले नव्हे.

ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या नोव्हेंबरात कायदा करून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली, आणि १० डिसेंबर २०२५ पासून ती अमलात आणली. इकडेही तसेच व्हावे असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्या कायद्यातील एक गोष्ट मात्र आपल्याकडचे टाळ्या वाजविणारे विसरतात. तेथे मुलाला किंवा आईबापांना दंड नाही. दंड आहे तो कंपन्यांना, आणि तोही चार कोटी पंचाण्णव लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आपल्याकडे २०२३ साली झालेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घ्यावी, आणि मुलांच्या पाळतीवर राहून त्यांना जाहिराती दाखवू नयेत, असे सांगितले आहे. कल्पना उत्तम! पण आमच्या घरी संमती देणारे आम्ही, आणि ती कोठे बोट ठेवून द्यावयाची हे आम्हाला दाखविणारा आमचा नातू. गोदाकाठच्या किती घरांत याहून निराळी स्थिती असेल?

या वादाने आम्हाला एक जुना वाद आठवतो, आणि आमच्या वाचकांनाही तो आठवलाच असेल. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाहावर व सक्तीच्या वैधव्यावर टिपणे प्रसिद्ध केली आणि पुढे सात वर्षे महाराष्ट्र पेटून उठला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारावर नेले. टिळकांचे म्हणणे असे की, सामाजिक सुधारणा लोकशिक्षणाने व्हावी, सरकारच्या कायद्याने नव्हे. त्यांनी सुधारकांपुढे उलट सूचना ठेवली होती की, ज्यांना सुधारणा हवी त्यांनी आधी स्वतःला बांधून घ्यावे आणि आपल्या मुलींची लग्ने सोळाव्या वर्षापूर्वी करणार नाही अशी प्रतिज्ञा करावी. आगरकर 'सुधारका'तून कायद्याच्या बाजूने उभे राहिले. आमच्या घरात तीन पिढ्या टिळकांची तसबीर आहे, आणि प्रस्तुत विषयात आमचा कल कोणीकडे हे वाचकांनी ओळखलेच असेल.

परंतु अलीकडे रात्री झोप येईनाशी झाली की आगरकरांच्या बाजूचा प्रश्न आमच्या उशाशी येऊन बसतो. शिक्षणाने सर्व होईल, हे खरे. पण ते होईपर्यंत ज्या मुलींचा बळी जातो त्यांचे काय? कलकत्त्याकडे एका कोवळ्या बालवधूचा अंत झाला होता आणि ते प्रकरण त्या वेळी डोळ्यांसमोर होते. 'कायदा नको, शिक्षण हवे' असे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी खरोखर शिक्षण दिले? पुष्कळांनी पहिला अर्धा भाग मोठ्याने म्हटला आणि दुसरा विसरले. कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांची कथाही फार उजळ नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. तो पुस्तकात पडून राहिला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये स्वतः विधवेशी विवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली, पुढे हिंगण्याच्या माळरानावर शाळा उभी केली, १९१६ साली महिलांचे विद्यापीठ काढले, तेव्हा कोठे त्या कायद्याच्या अक्षरांत जीव आला. शारदा कायदा १९२९ चा. आमच्या निजामी मुलखात तो लागूही नव्हता. आता तर बालविवाहाला प्रतिबंध करणारा २००६ चा कायदा सर्वत्र आहे, तरी आमच्या जालना-बीडकडे ऊसतोडीला निघण्यापूर्वी पोरीचे हात पिवळे करून मोकळे होणारे आईबाप आजही थोडे नाहीत. ज्या मास्तरांच्या वर्गातून अशी एखादी मुलगी दिवाळीनंतर नाहीशी झाली आहे, त्यांच्यापुढे कायद्याचा महिमा फार गाऊ नये. आणि शिक्षणाचाही गाऊ नये, कारण ती त्याच वर्गातून गेलेली असते. आमच्या वर्गातूनही गेल्या आहेत.

तेव्हा शिक्षण हा शब्द उच्चारून मोकळे होण्याचा अधिकार आम्हाला नाही, असे ठरवून महालक्ष्म्यांच्या चौथ्या दिवशी आम्ही पुठ्ठा खाली काढला. आमच्या लहानपणी गोदावरीच्या घाटावर पोहणे शिकविण्याची पद्धत होती. पाठीला वाळका भोपळा बांधून मुलाला पाण्यात सोडीत, आणि बांधणारा काका किंवा मामा स्वतः छातीएवढ्या पाण्यात उभा राही. ज्यांना घरून घाटावर न जाण्याची शपथ घातलेली असे ती मुलेही जात; फक्त ती एकटी जात, भर दुपारी, घाटावर चिटपाखरू नसताना. आम्हाला उमगले की आम्ही काठावर, कोरड्या धोतराने उभे होतो. म्हणून नातवाला म्हटले, "बाबा रे, तुझा तो खेळ मला दाखव."

पहिले आठ दिवस आम्ही नुसते मरत होतो. खेळात, म्हणावयाचे आहे. आम्हाला बंदूक धरता येईना आणि पॅराशूट उघडेना, व नातू हसून बेजार. पण या मरण्यातच आम्हाला कळले की खेळाच्या कोपऱ्यात बोलण्याची खिडकी कोठे असते, अनोळखी माणूस तीतून कसा डोकावतो, आणि त्याला कायमचे बंद करण्याचे बटण कोठे आहे. हे बटण आमच्या नातवाला ठाऊक होते. ते दाबले तर तो माणूस चिडेल, या भीतीने त्याने ते दाबले नव्हते. म्हणजे माहितीची उणीव नव्हती. शेजारी कोणी बसलेले नव्हते. तिसऱ्या कलमाचाही फोलपणा तेथेच कळला. 'अनोळखी माणसाशी बोलू नये' हे आम्ही लिहिले होते, पण तो माणूस तीन दिवसांत अनोळखी राहिलाच नव्हता, दोस्त झाला होता.

मग आम्ही आमच्या विद्येकडे वळलो. आम्हाला संगणक येत नाही, व्याकरण येते. फसवणुकीचे जे निरोप फोनवर येतात ते आम्ही रोज रात्री जेवणानंतर दोन-तीन घेऊन चालवू लागलो, जसे वर्गात वाक्य फळ्यावर लिहून चालवीत असू. 'आपले खाते बंद करण्यात येत आहे.' कोण बंद करीत आहे? कर्ता कोठे आहे? वाक्य कर्मणी वळणाचे असून करणारा लपलेला आहे. 'तत्काळ खालील दुव्यावर जा.' आज्ञार्थ. आपल्याला आज्ञा करणारा हा कोण? 'न केल्यास कारवाई होईल.' संकेतार्थ, आणि पुन्हा कारवाई करणाऱ्याचा पत्ता नाही. कर्ता लपवावयाचा, घाई करावयाची, धाक घालावयाचा, आणि अखेर 'कोणाला सांगू नकोस' म्हणावयाचे. पुण्याच्या त्या सोबत्याचे जपून ठेवलेले निरोप आम्ही असेच चालविले, तेव्हा शेवटच्या सहाही निरोपांत ते चौथे अंग सापडले. नातू बराच वेळ त्याकडे पाहत राहिला. पुढच्या रविवारी त्याचे चार मित्र आले, मग सात झाले. एकाची बहीण दारात उभी राहून ऐके. तिलाही आत बोलाविले. आता आमच्या ओसरीवर दर रविवारी अकरा मुले असतात. त्यांतील दोन अद्याप एक शब्दही बोललेली नाहीत, आणि आम्हाला त्यांचीच काळजी अधिक वाटते.

अशा न बोलणाऱ्यांसाठी आणखी एक क्रमांक आम्ही सर्वांकडून पाठ करून घेतला आहे, १०९८. अडचणीतील मुलाने स्वतः फिरवावा असा हा क्रमांक आहे, आणि त्याचा उगम आपल्या मुंबईत, १९९६ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून झाला. आजोबांना सांगता येत नाही, बाबांना सांगता येत नाही, अशा वेळीही कोणाला तरी सांगता येते, हे मुलांना आजोबांनीच सांगावे, याचे आमच्या स्नेह्यांना नवल वाटते. एका स्नेह्यांनी तर विचारले की, यामुळे मुले घरच्या तक्रारी बाहेर नेणार नाहीत काय? नेतील, असे आम्ही उत्तर दिले. त्यांचे येणे थोडे कमी झाले आहे.

फोनला वेळेचा नियम आमच्या घरी आजही आहे. चाणक्याच्या नावावर चालणारे ते सुभाषित वाचकांना पाठ असेलच. त्यात लाडाची पाच वर्षे, धाकाची दहा, आणि सोळावे लागताच मैत्री असा हिशेब सांगितला आहे. या यंत्राच्या बाबतीत आम्हाला मैत्री थोडी आधी सुरू करावी लागली आणि धाकही अगदी सुटला नाही. रात्री साडेनऊला चारही फोन एका परडीत पडतात, आणि परडी सौभाग्यवतींच्या ताब्यात असते. आमचा फोन सर्वांत उशिरा पडतो अशी त्यांची तक्रार आहे.

आमच्या व्याकरणाचीही फजिती झाल्यावाचून राहिली नाही, तेही सांगून टाकतो. माघात एके दिवशी फोनवर निरोप आला की, बिल न भरल्यास आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल. ओसरीवरच्या साऱ्या मुलांनी तो एकमुखाने चालविला. कर्ता नाही! धाक आहे! घाई आहे! आम्ही अभिमानाने तो निरोप पुसून टाकला. चार दिवसांनी वायरमन शिडी घेऊन दारात उभा. बिल खरोखरच राहिले होते, निरोप खरा होता. सरकारी भाषाही कर्ता लपविते, हे चाळीस वर्षे सरकारी परिपत्रके वाचूनही आमच्या लक्षात राहिले नव्हते. मुले पोट धरून हसली. बिल आणि वर दंड आम्ही भरला. त्या दिवशी नातवानेच सुचविले की, असा निरोप आला की त्यातला ग्राहक क्रमांक जुन्या बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि पैसे भरावयाचे तर निरोपातील दुव्यावर बोट न ठेवता आपण नेहमी भरतो त्याच ठिकाणी जाऊन भरावे. तेव्हापासून ते जुने बिल देवघराशेजारी, पुठ्ठा होता त्याच खिळ्याला अडकविलेले आहे.